पोट भरले, पोषणाचे काय?

पनवेलच्या एका अंगाला खारघर-कळंबोलीच्या उत्तुंग इमारती आणि आता विमानतळ. दुसऱ्या अंगाला माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे-धोदाणी परिसरातील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. तालुका एकच. परंतु दोन्हीकडची मुले सकाळी काय खाऊन शाळेत येतात हे पाहिले, तर तसे वाटू नये. वाडीवरचे मूल पुष्कळदा कोऱ्या चहावर किंवा रात्रीच्या उरलेल्या भातावर येते. हातात पाचाचे नाणे असलेच, तर वाटेवरच्या दुकानातील कुरकुरीत पुडीवर. शाळेत दुपारी शिजणारी खिचडी हेच मग त्याचे दिवसातील पहिले खरे जेवण ठरते.

ही खिचडी तरी सहजासहजी मिळाली आहे काय? तामिळनाडूत कामराज यांनी १९५६ साली शाळांतून जेवण सुरू केले. आपल्याकडे केंद्राची योजना आली ती १९९५ साली, आणि तीही दरमहा तीन किलो कोरड्या तांदळाच्या रूपाने. ते तांदूळ घरी जात आणि साहजिकच साऱ्या कुटुंबात वाटले जात. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे शाळांतून चुली पेटू लागल्या.

आता प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. कागदावर हिशेब जुळतो. पण त्या १२ ग्रॅमांतील निम्म्याहून अधिक प्रथिने तांदळाचीच असतात. डाळ पातळ झाली, भाजी नावापुरती पडली, की ताटात उरतो तो भात. घरी भात, शाळेत भात! भूक भागते, हाडांना चुना आणि रक्ताला लोह मात्र कमीच पडते. त्यात जेवणाच्या मागेपुढे घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, ही गोष्ट पालकांना कोणी सांगितलेली नसते.

म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले, तेव्हा अनेक शिक्षकांना बरे वाटले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दुपारच्या ठरीव प्रमाणाच्या निम्मी. पण जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा आणि खीर व नाचणी सत्त्वात घालावयाच्या साखरेचा खर्च शासनाने काढून घेतला व तो लोकसहभागातून भागवावा असे शाळांना कळविले.

लोकसहभाग हा शब्द मोठा गोंडस आहे. वसाहतीलगतच्या शाळेला एखादा कारखानदार किंवा मंडळ मिळू शकते. वाडीवरच्या मुख्याध्यापकाने वर्गणीची वही घेऊन कोणाचे दार ठोठवावे? ज्यांची मुले पंक्तीत बसली आहेत त्यांचेच ना? त्यांतील कित्येक कातकरी घरे दिवाळीनंतर मुलांसह वीटभट्टीवर निघून जातात आणि जाताना दारे लावून जातात. शेवटी अंड्यांचे पैसे गुरुजींच्याच खिशातून जाणार, हे कोणी उघड बोलत नाही इतकेच.

नाचणीची गोष्ट आणखी चमत्कारिक. तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. डोंगरउतारावर पिकणारे, आजीच्या पिढीने भाकरी करून खाल्लेले हे धान्य ‘गरिबाचे’ म्हणून ताटातून उठले, आणि आता सत्त्वाच्या रूपाने शाळेत परत येऊ पाहते, तर साखरेवाचून अडते. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू याच डोंगरावर उगवतात. वाडीतल्या बायका त्या पनवेलच्या बाजारात आणून विकतात. त्यांतील दोन जुड्या शाळेने रोख पैशाने विकत घ्याव्यात, एवढी मुभा तरी मुख्याध्यापकास असावी. अंड्याचा खर्च मात्र शासनानेच उचलला पाहिजे. तो वाडीच्या माथी मारता येणार नाही.