जर्मनीत खोली घेताना: करारावर नाव कुणाचं?

गेल्या वेळी आपण प्रवेश आणि व्हिसाबद्दल बोललो, आज राहण्याची सोय. पालक आम्हाला पहिलं विचारतात, "भाडं किती?" आम्ही उलट विचारतो, करारावर नाव कुणाचं?

जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं बहुतेक ठिकाणी 'श्टुडिएरेंडेनवेर्क' ही संस्था चालवते. तिथे अर्ज लवकरात लवकर करून ठेवावा, कारण प्रतीक्षायादी लांबलचक असते. त्यामुळे पुष्कळ मुलं 'वेगे'त जातात. वेगे म्हणजे खोली आपली, पण स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. आधीच राहणारी मंडळी तुमची छोटी मुलाखत घेतात. (फोडणीच्या वासाचा विषय तेव्हाच काढलेला बरा.)

आता बघा, वेगेचे करार साधारण तीन तऱ्हेचे. पहिल्यात प्रत्येकाचा मालकाशी वेगळा करार, हा सर्वांत निर्धास्त. दुसऱ्यात एक मुख्य भाडेकरू आणि बाकीचे पोटभाडेकरू. इथे मालकाची परवानगी लेखी आहे का, ते विचाराच. मुख्य भाडेकरूचा करार संपला की तुमचाही आधार जातो.

तिसऱ्यात सगळ्यांची सही एकाच करारावर. आखेनमध्ये आम्ही तिघांनी असंच घर घेतलं. भाडं 900 युरो, वाट्याला 300. जानेवारीत एकाला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळाली आणि तो गेला. मालकाने त्याचा वाटा आमच्याकडे मागितला. आम्ही भांडलो, पण कायदा मालकाच्या बाजूने होता: अशा करारात पूर्ण भाडं कुणाही एकाकडून मागता येतं. बरं, घर सोडावं तर नोटिशीवर तिघांची सही हवी, आणि मुदत तीन महिने. म्हणजे तीन महिने आम्ही दोघांनी 450-450 भरले. आज ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतात. त्यातून दीडशे जादा काढायचे म्हणजे काय, हिशेब करून बघा. मित्राने पैसे परत केले, पण दिवाळी उजाडली.

तेव्हा अशी सही करण्याआधी आपसांत एक कागद करा: मध्येच जाणाऱ्याने बदली माणूस शोधायचा, आणि तो मिळेपर्यंत वाटा कुणी भरायचा.

दुसरी गोष्ट नोंदणीची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो, पोटभाडेकरूला तो मुख्य भाडेकरूही देऊ शकतो. जाहिरातीत "नोंदणी होणार नाही" असं असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नोंदणीशिवाय कर क्रमांक अडतो, पुढे निवास परवाना अडतो.

अनामत रक्कम तीन महिन्यांच्या 'थंड' भाड्याहून जास्त मागता येत नाही. थंड म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे वगळून. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्कही कायद्याने दिलाय. "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असं कुणी लिहिलं तर समजा, फसवणूक आहे.

आणि घरात रेडिओ-टीव्ही नसला तरी प्रसारण वर्गणी द्यावी लागते, घरामागे महिन्याला 18.36 युरो. पत्र तिघांनाही येतं. घाबरून तिघांनी भरू नका. एकाने भरायचं, बाकीच्या दोघांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि त्याला 6.12 युरो द्यायचे.