सरासरी आणि एक बांधी

सडक अर्जुनीकडे धानाचा कोणता वाण किती दिवसांत तयार होतो, ते बियाण्याच्या पिशवीवर बऱ्याचदा छापलेले असते. पण पळसाच्या सावलीतला कोपरा मागे राहतो, हे त्या बांधीत, म्हणजे धानशेताच्या त्या तुकड्यात, उतरल्यावरच कळते.

मानसशास्त्रातही असे दोन मार्ग आहेत: पुष्कळांना लागू पडणारे नियम शोधणारा नोमोथेटिक (नियमशोधक), आणि एका माणसाला त्याच्याच संदर्भात समजून घेणारा इडिओग्राफिक (व्यक्तिवेधी). जर्मन तत्त्वज्ञ विंडेलबांड यांनी १८९४ मध्ये ही जोडी मांडली. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ मध्ये ती व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणली.

एकाच माणसाचा अभ्यास म्हणजे नुसता किस्सा, असे अनेकांना वाटते. पण मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःच्याच विसरण्याचे मोजमाप केले आणि ते १८८५ मध्ये छापले. हेतू मात्र सर्वसाधारण नियमाचाच होता. माणसे किती, यापेक्षा प्रश्न कोणता, हे महत्त्वाचे.

उलटी चूक, म्हणजे गटाचा नियम थेट एका माणसावर लावणे, जास्त बोचते. भरभर टायपिंग करणाऱ्यांच्या चुका सहसा कमी असतात, कारण हात बसलेला असतो. म्हणून तहसीलबाहेरच्या टायपिस्टला ‘घाई करा’ म्हणून पाहा. अर्जात नावच चुकेल.