कृत्रिम पायाला हुकूम कळतो कसा?

गुडघ्यावरून पाय गेलेला माणूस “माझा अंगठा खाजतो” असे म्हणाला, की घरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. श्रोतेहो, तो खोटे बोलत नसतो आणि त्याचे डोकेही फिरलेले नसते. पाय गेला तरी मेंदूतून पायाकडे सुटणारा हुकूम थांबत नाही. मज्जातंतू जिथे तुटला तिथपर्यंत तो येऊन पोचतोच. पुढे तो घ्यायला कोणी नसते, इतकेच.

पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सैनिकांसाठी निघाले. १९६८च्या सुमारास जयपूरचा पाय आला. तो घालून अनवाणी, चिखलातूनही चालता येते. दोन्हींचे उपकार मोठे आहेत. पण साध्या यांत्रिक गुडघ्याला धन्याचे मन कळत नाही. वाशिम-रिसोडकडच्या काळ्या रानात धुरा चढायचा आहे की खाली बसायचे आहे, हे त्याला कोण सांगणार? अवचित दुमडला, की माणूस तोंडघशी!

आता गंमत अशी, की स्नायू आवळला म्हणजे कातडीवर बारीकशी वीज उमटते, व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. मज्जातंतूचा आवाज याहूनही क्षीण. स्नायू म्हणजे जणू त्याचा कर्णाच. पायाच्या खोबणीत बसवलेल्या पट्ट्या ही वीज टिपतात आणि छोटा संगणक तिचा अर्थ लावतो. शिकागोच्या डॉ. टॉड क्विकेन यांनी तुटलेला मज्जातंतू शेजारच्या स्नायूला जोडून देण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. अशा पायाने एक गृहस्थ २०१२ साली तिथल्या इमारतीचे १०३ मजले जिन्याने चढून गेला.

मात्र कृत्रिम हाताची चूक झाली तर पेला पडतो, पायाची झाली तर माणूस पडतो. उन्हाळ्यात घाम सुटला, पट्टी जराशी सरकली, की संदेश बिघडलाच. म्हणून नुसत्या स्नायूवर विसंबत नाहीत. पायावरचा भार आणि गुडघ्याचा कोनही मोजतात.

दुसरी अडचण उलट दिशेची. गाडीवानाच्या हातात दोन कासरे असतात. एक ताणला की दुसरा सैल पडतो, आणि बैल कुठे वळला ते हाताला न बघता समजते. आपल्या स्नायूंच्याही अशाच जोड्या असतात. पाय कापताना त्या तुटतात, मग पाय कुठे आहे हे मेंदूला उमगत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे ह्यू हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय गेलेले. त्यांच्या गटाने गुडघ्याखालच्या ठोकळ्यात या जोड्या पुन्हा बांधून घेतलेली सात माणसे आणि नेहमीची शस्त्रक्रिया झालेली सात, अशी तुलना २०२४ साली प्रसिद्ध केली. जोड्या बांधलेल्यांची चाल ४१ टक्क्यांनी जलद भरली.

हा पाय आपल्याकडच्या शिबिरात लगेच मिळेल, असे मी म्हणणार नाही. पण गुरुजी, वर्गात असा एखादा मुलगा असेल, तर त्याला विचारून त्याच्या उरलेल्या मांडीवर हात ठेवा आणि नसलेला गुडघा वाकवायला सांगा. बहुधा तळहाताखाली स्नायू घट्ट झालेला तुम्हाला लागेल.