सागरसफर रद्द करावी काय?

पैसे भरून ठेवलेली सागरसफर साथ पसरू लागल्यावर रद्द करावी काय, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या खिशाचा वाटतो. कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत मिळतात. आपण होऊन माघार घेतली तर बहुधा बुडतात, आणि निव्वळ भीतीपोटी घेतलेल्या माघारीची भरपाई विमाही सहसा देत नाही. पै पै साठविणाऱ्याला ही कोंडी वेगळी सांगावयास नको. ८ मार्च २०२० रोजी ‘रूबी प्रिन्सेस’ सिडनीहून प्रवाशांनी भरून निघाली, तेव्हा त्या साऱ्यांना अविचारी म्हणणे म्हणूनच मला जड जाते.

तरीही माझे मत रद्द करण्याच्या बाजूचे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ योकोहामा बंदरात अडकली होती. तिच्यावर ३,७११ माणसे होती. सातशेहून अधिकांना कोरोनाची बाधा झाली. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बसविण्यात आले. त्यांच्या दारी जेवण पोचविणारे कर्मचारी मात्र सामाईक खोल्यांत राहून काम करीतच होते. जहाजावरील १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. प्रवाशाला घरी राहण्याची मुभा असते, भले पैसे बुडोत. करारावर चढलेल्या त्या पोरांना ती नव्हती.