सेकंड हँड एमटीबी: चकाकतं ते शेवटी बघा
लेखमाला ‘चाकाखालची वाट’ – भाग ७

मागच्या भागात नव्या एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, किमती वाचून बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न पाठवला: मग जुनी घेतली तर? जरूर घ्या. २०२० च्या टाळेबंदीत जिम बंद, बागा बंद, तेव्हा शहरांतून गिअरच्या सायकलींवर उड्या पडल्या होत्या. दुकानांत वेटिंग होतं. त्यातल्या कितीतरी सायकली आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये खांबाला साखळीने बांधलेल्या, टायर बसलेले, सीटवर कबुतरांचे ठसे घेऊन उभ्या आहेत. मालक सांगतो, “फार चालवलीच नाही हो.” आणि बहुधा तो खरंच सांगत असतो. पण न चालवलेली सायकलही जुनी होतेच. हबमधलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं, टायरच्या कडांना भेगा पडतात, केबल आतल्या आत गंजतात. त्यामुळे ‘किती चालली’ यापेक्षा ‘कुठे उभी होती’ हे विचारा. गच्चीवर चार पावसाळे काढलेली सायकल नको. अलिबाग, रत्नागिरी, पणजीकडची असेल तर आणखी एक करा: सीट पोस्टचा नट सैल करून पोस्ट वर-खाली होते का बघा. खाऱ्या हवेत स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची पोस्ट अशी धरून बसते की शेवटी करवतीने कापावी लागते.

जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, शॉकअप, नवी सीट. यातलं जवळजवळ सगळं बदलता येतं, आणि म्हणूनच ते शेवटी बघायचं. आधी बघायचं ते जे बदलता येत नाही, किंवा बदलायला सायकलीएवढाच खर्च येतो.

पहिला नंबर मापाचा. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला साधारण सोळा-सतरा इंची फ्रेम लागते. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिलं की वरच्या नळीपासून दोन-तीन बोटं तरी मोकळी हवीत, आणि हँडल धरताना कोपर ताठ होता कामा नयेत. माप चुकत असेल तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. सीट मागेपुढे सरकवून, हँडलचा स्टेम छोटा करून लोक जुळवाजुळव करतात. मग सहा महिन्यांनी मान धरते आणि सायकल पुन्हा पार्किंगमध्ये जाते.

मग फ्रेम. धूळ पुसायचं फडकं आणि मोबाइलचा टॉर्च न्यायला विसरू नका. हँडलखाली जिथे दोन नळ्या डोक्याला मिळतात तो जोड, सीटची नळी आणि वरची नळी यांचा जोड, आणि पायडल जोडलेल्या क्रँकच्या मागून चाकाकडे जाणाऱ्या नळ्या, या तीन जागी वेल्डिंगच्या कडेने बारीक रेघ दिसते का ते बघायचं. रंगाचा ओरखडा आणि तडा यांत फरक असा की ओरखडा नखाला उथळ लागतो आणि कुठेही असतो. तडा मात्र वेल्डिंगची कड धरून जातो. ॲल्युमिनियमला तडा असेल तर हात जोडून निघायचं. तो वेल्ड करून देणारे भेटतात, पण नुसत्या वेल्डिंगने त्या धातूची मूळची ताकद परत येत नाही, आणि तुटायची वेळ नेमकी उतारावरच येते. सायकल उलटी करून क्रँकच्या नळीच्या बुडाशी कोरलेला सिरीयल नंबर बघून घ्या आणि बिल मागा. नंबर खरवडलेला असेल तर किंमत कितीही मोहाची असो, ती कुणाची तरी चोरलेली सायकल असू शकते.

आता चाकं. जुन्या एमटीबी २६ इंची असतात. २०१० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या कंपन्या साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांकडे वळल्या. २६ इंची वाईट का? मुळीच नाही. टेकडीवर, कडेकपारीच्या पायवाटेवर ती चपळच असते. पण तिच्यासाठी चांगले नवे शॉकअप किंवा उंची टायर शोधायला गेलात तर निवड फार थोडी उरली आहे. साधे टायर-ट्यूब मात्र गल्लीतल्या दुकानात मिळतात. म्हणजे २६ इंची घ्यायची ती आहे तशी चालवायला, पुढेमागे श्रीमंत करायला नव्हे.

मागचं चाक काढून दात्यांच्या चकत्या उलट्या फिरवून बघा. चकत्यांबरोबर मधला खाचांचा भागही फिरला तर ती कॅसेट. तो भाग जागेवर स्थिर राहिला तर फ्रीव्हील. सात गिअरच्या बहुतेक स्वस्त सायकलींत फ्रीव्हीलच असतं. त्यात उजव्या बाजूचा बेअरिंग बराच आत राहतो, त्यामुळे एक्सलचं टोक आधाराशिवाय लांब बाहेर येतं. वजनदार स्वार आणि खड्डे, दोन्ही एकत्र आले की ते वाकतं. रस्त्याने ऑफिसला जायचं असेल तर काही बिघडत नाही. पाषाणच्या टेकडीवरून दणादण उतरायचं असेल तर कॅसेटवालीच शोधा.

गेल्या हिवाळ्यात पुतण्यासाठी कोथरूडला अशीच एक सायकल बघायला गेलो. ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे आठ गिअर, पुढे शॉकअप, लाल-काळा रंग. “काका, डिस्क ब्रेक आहेत!” पुतण्या पार्किंगच्या दारातूनच म्हणाला. मालकाने सांगितलेली किंमत चौदा हजार. मी खिशातून शाळेतली स्टीलची पट्टी काढली. सायकलच्या चेनमधली प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. दूधवाल्याच्या सायकलीपासून ऑलिंपिकच्या सायकलीपर्यंत हेच माप. तेव्हा एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की बाराव्या इंचावर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. इथे ती पिन एक अष्टमांश इंच पुढे गेली होती. एक षोडशांशावर चेन बदलायची वेळ झालेली असते. एक अष्टमांशावर चेन मागच्या कॅसेटचे दातेही खाऊन बसलेली असते. नवी चेन टाकली तर ती जुन्या दात्यांवरून उड्या मारणार, म्हणजे दोन्ही घ्यावे लागणार.

मग क्रँक. दोन्ही बाजूंचे दांडे धरून फ्रेमच्या दिशेने आतबाहेर हलवले. दोन्ही बाजू एकदम हलल्या तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग, गेलेला. एकच हलली तर तो क्रँक सैल चालवून त्याचं चौकोनी भोक गोल झालेलं. इथे दोन्ही एकदम हलत होत्या, तेव्हा बॉटम ब्रॅकेटही यादीत गेला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे केली, हँडलच्या बुडाशी बोट ठेवलं, खटखट नव्हती. शेवटी मागे बसून गिअरच्या यंत्राकडे, डिरेलरकडे पाहिलं. त्याचा पिंजरा चकत्यांना समांतर दिसायला हवा. तो आत झुकलेला होता. सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडलेली. डिरेलर ज्या छोट्या कानाला लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, फ्रेम वाचावी म्हणून. तो वाकला की गिअर कितीही जुळवा, जुळत नाहीत, आणि चढावर सगळ्यात हलक्या गिअरला डिरेलर थेट चाकाच्या तारांत घुसतो. अवजाराने तो सरळ करता येतो, पण तुटला तर नेमक्या आकाराचाच हवा, आणि ते आकार शेकड्यांनी आहेत.

मालकाला एकेक दाखवलं. घासाघीस करायची ती अशी, ‘काही कमी करा की’ म्हणत नव्हे. चेन, कॅसेट, बॉटम ब्रॅकेट, हँगर आणि मिस्त्रीची मजुरी मिळून साडेतीन-चार हजार होतात, हे त्यांनाही पटलं. सायकल दहाला आली.

पुतण्याच्या मनात लगेच पुढचे शॉकअप बदलायचे होते. या मोहाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. परवडणाऱ्या एमटीबीवरचे शॉकअप लोखंडी स्प्रिंगचे असतात आणि एकटेच अडीच किलोच्या आसपास भरतात. त्यांच्या जागी चांगला हवेचा फोर्क घेऊ म्हटलं तर पहिली अडचण मापाची: नवे बहुतेक फोर्क वर सव्वा इंचाच्या आत आणि बुडाशी दीड इंच अशा निमुळत्या नळीचे असतात, जुन्या सरळ फ्रेममध्ये ते बसतच नाहीत. दुसरी अडचण उंचीची. मूळच्यापेक्षा वीस मिलिमीटर उंच फोर्क लावला की हँडलचा कोन साधारण एका अंशाने मागे पडतो आणि सायकल वळायला आळशी होते. तिसरी अडचण हिशोबाची: तो फोर्क सायकलीच्या किमतीएवढा पडतो आणि विकताना त्याचा रुपयाही सुटत नाही. म्हणून आहेत ते शॉकअप दाबून बघा. खाली जाऊन निमूट वर येत असतील, आतल्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे खड्डे नसतील, तर साफ करून चालवा. मागेही शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलींबद्दल एकच सांगतो: त्या घेऊ नका. पायाचा बराचसा जोर स्प्रिंग खाते आणि सगळा डोलारा नुसता जड होतो.

पैसे घालायचे तर कुठे? आधी ग्रीसमध्ये. हे ऐकून कुणी हिरमुसेल, पण माउंटन बायकिंगचा जन्मच जुन्या सायकली आणि ग्रीस यांतून झाला. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, फेअरफॅक्स गावाजवळ, काही तरुण १९३०-४० च्या श्विन कंपनीच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायचे. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार. ब्रेक मागच्या हबमध्येच, उलटं पायडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. १९७६ साली तिथे सुरू झालेल्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच मिळालं. खास या कामासाठी नवी फ्रेम त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी १९७७ साली बनवली. तोवर बहुतेक खेळ सेकंड हँडवरच चालला होता.

तर घरी आणल्यावर पहिलं काम ओव्हरहॉलिंग. दोन्ही हब उघडून छर्रे धुऊन नवं ग्रीस, हँडलच्या कपांत ग्रीस, आणि गिअर-ब्रेकच्या सगळ्या केबल बाहेरच्या वेष्टणासकट नव्या. केबलचा खर्च किरकोळ, पण गिअर बदलताना जो अंगठ्याला फरक कळतो तो महागड्या शिफ्टरनेही कळत नाही. मिस्त्री ‘आतली वायर बदलली की झालं’ म्हणतील; वेष्टणही बदलायला लावा, चिखल तिथेच साचतो. पावसाळ्यात टेकडीवर जाणाऱ्यांना आणखी एक विनंती: सायकल स्कूटरच्या सर्व्हिसिंग सेंटरवर जेटने धुऊ नका. पाण्याचा तो मारा सील ओलांडून थेट बेअरिंगमध्ये जातो आणि नवं ग्रीस महिन्यात दुधाळ होतं. बादली आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. गंज सोडवायचा स्प्रे चेनवर मारून तेल घातल्याचं समाधान मानू नका. त्याचा शिंतोडा डिस्कवर गेला तर ब्रेक लागणं बंद होतं, पॅड फेकून द्यावे लागतात.

दुसरा खर्च टायरचा, आणि तो तुम्ही चालवता कुठे यावर. सिंहगड रोडवरून ऑफिस गाठणाऱ्याला जाड नक्षीचे टायर म्हणजे पायात नाहक बेडी. २६ बाय दीडचे गुळगुळीत टायर घाला, सायकल दोन गिअर हलकी वाटेल. टेकडीवर जाणाऱ्याने नक्षी ठेवावी आणि हवा कमी करावी. साठ पीएसआय भरून जांभ्याच्या खड्यांवरून उतरणारे मी पाहिले आहेत. टायर जमिनीला धरत नाही, नुसता टणाटण उडतो.

ब्रेकचं थोडक्यात. डिस्कची जाडी, शिमानो कंपनीची असेल तर, नवी १.८ मिलिमीटर असते आणि १.५ ला ती बदलायची. केबलवाले डिस्क ब्रेक नीट जुळवले तर पुष्कळ होतात. एखादी सुधारणा करायचीच असेल तर हायड्रॉलिक ब्रेक ही मला पटणारी एकमेव सुधारणा आहे, विशेषतः घाट उतरणाऱ्यांसाठी. बोटांची ताकद वाचते. फक्त लक्षात ठेवा, शिमानोत मिनरल ऑइल जातं. त्यात मोटरसायकलचं ब्रेक ऑइल घातलं की आतली सीलं फुगून ब्रेक कायमचे जातात.

जाता जाता एक पत्र. चिपळूणच्या एका वाचकांनी विचारलं आहे की पुढची तीन चेनव्हील काढून हल्लीच्या फॅशनप्रमाणे एकच बसवावं का. तुमचं सगळ्यात छोटं चेनव्हील २४ दात्यांचं, मागची सगळ्यात मोठी चकती ३२ ची. या जोडीवर २६ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण दीड मीटर पुढे जाते. एकच ३२ दात्यांचं चेनव्हील लावून मागचं तेच ठेवलंत तर एका फेऱ्यात दोन मीटर, म्हणजे कुंभार्ली घाटात प्रत्येक फेरा एक तृतीयांशाने जड. ते भरून काढायला मागे मोठी कॅसेट, तिच्यासाठी नवा डिरेलर, त्यासाठी नवा शिफ्टर. तीन चेनव्हील राहू द्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत क्रँकच्या बुडाशी गंजाचा ओघळ दिसतोय. या पावसाळ्याआधी तो बॉटम ब्रॅकेट बदलून घ्या.

(पुढच्या भागात: हब घरी कसा उघडावा)