पाऊस तोच, रान निराळे

उष्णकटिबंधातील अरण्य म्हटले की भरपूर पाऊस आणि त्यावर पोसलेली घनदाट झाडी, एवढाच संबंध सहसा ध्यानात घेतला जातो. परंतु पाऊस कोठे पडावा आणि पडलेले पाणी किती काळ टिकावे, हे बऱ्याच अंशी जमिनीची ठेवण ठरवते. सह्याद्रीची सुमारे १६०० किलोमीटर लांबीची रांग नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या वाटेत आडवी असल्यामुळे समुद्रावरची दमट हवा तिला अडून वर चढते, चढताना थंड होते आणि तिच्यातले बाष्प घाटमाथ्यावर रिते होते. पलीकडे उतरणारी हवा पुन्हा तापते व कोरडी पडते. डोंगराआडच्या या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात. महाबळेश्वराला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही.

मात्र हा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो, आणि झाडाची खरी कसोटी उरलेल्या आठ महिन्यांत लागते. कासच्या पठारावर पावसाची वाण नाही. तरीही तेथे अरण्य नाही, कारण जांभ्या दगडाच्या त्या सपाट, उघड्या सड्यावर माती बोटभरच असते आणि पाणी धरून ठेवणारे काही नसल्याने पावसाळी रानफुलांखेरीज तेथे फारसे काही तगत नाही. उलट जवळच्याच घळीत वरून वाहून आलेली माती साचते, कडेच्या उभ्या भिंती ऊन आणि वारा अडवतात व ओल उन्हाळ्यापर्यंत पुरते, त्यामुळे तेथील झाडे उंच वाढतात. माथ्यावरची जांभूळ-अंजनीची झाडे मात्र वाऱ्याच्या माऱ्याने खुजी आणि वाकडीतिकडी होतात. सर्वच श्रेय भूरूपाला देणे अर्थात योग्य नव्हे, कारण दक्षिणेकडून उत्तरेकडे कोरडा ऋतू लांबत जातो आणि केरळातील सदाहरित वनाची उंची महाराष्ट्रातील घाटमाथ्याला सहसा लाभत नाही.

याहून विलक्षण प्रकार दऱ्यांच्या सपाट तळाशी आढळतो, जेथे झऱ्याचे पाणी निचरा न होता साचून राहते आणि चिखलात हवा नसल्यामुळे रानजायफळाच्या कुळातील झाडे आपली मुळे गुडघ्यासारखी वाकवून श्वासासाठी वर काढतात. असे दलदलीचे वन सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे आहे. गोवा, कर्नाटक आणि केरळातही त्याचे मोजके तुकडे उरले आहेत. ते मोजकेच उरण्यामागेही जमिनीची ठेवणच आहे: डोंगराळ मुलखात सपाट आणि बारमाही ओली जागा दुर्मीळ, आणि भातखाचरांना व सुपारीच्या बागांना नेमकी तीच हवी असते.