पारसचं पॉवर हाऊस

बुलढाणा जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र नाही. पण शेगावहून अकोल्याकडे निघालं, की नागझरीनंतरचं स्टेशन पारस. मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. बाळापूर तालुक्यातल्या या केंद्राला पाणी देणारी मन नदी आपल्याच घाटातून उतरून खामगाव तालुक्यातून तिकडे जाते. त्यामुळे पारसची गोष्ट घाटाखालच्या माणसाला परकी नाही.

महाराष्ट्र राज्य आणि राज्य विद्युत मंडळ, दोन्ही 1960 सालची. लगेच पुढच्या वर्षी पारसला 30 मेगावॅटचा संच सुरू झाला आणि त्याच दशकात 62.5 मेगावॅटचा दुसरा. कोळशाच्या खाणी पूर्व विदर्भात, मुंबई-नागपूर रूळ दारात आणि नदी जवळ, म्हणून ही जागा. ते जुने संच आयुष्य संपल्यावर बंद झाले. आज चालतात ते 250 मेगावॅटचे दोन, 2008 आणि 2010 मध्ये आलेले. मंडळाचं 2005 मध्ये विभाजन होऊन केंद्र महानिर्मितीकडे आलं होतं आणि तो काळ भारनियमनाचा होता. मोटारीला लाईट केव्हा येईल या आशेवर विहिरीशी रात्र काढलेल्या शेतकऱ्याला या 500 मेगावॅटचं मोल सांगावं लागत नाही. पारसची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते, त्यातली आपल्या डीपीवर किती आली हे वेगळं काढता येत नाही. पण जाळ्यात भर पडली, की सगळ्यांच्या वाट्याची ओढाताण कमी होते.

दोन्ही संच पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो, म्हणजे साधारण दोन मालगाड्या. वॅगनमधून उतरलेला कोळसा आधी फोडतात, पट्ट्यांवरून बंकरमध्ये नेतात आणि मिलमध्ये दळतात. तो तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक होतो, तेव्हाच गरम हवेबरोबर भट्टीत उडून नीट जळतो. थंड भट्टीत मात्र कोळसा एकदम धरत नाही. आधी तेलाच्या ज्योती पेटवायच्या, भट्टी तापली की एकेक मिल जोडायची. नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होऊन ती 540 अंशांपर्यंत तापते आणि टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं. हे फेरे आणि जाळ्याची 50 हर्ट्झची लय जुळली, की मगच जनित्र जोडतात. थंड संचाला इथवर यायला आठ-दहा तास सहज लागतात. महानिर्मितीच्या उरणच्या केंद्रात वायूवर चालणारं टर्बाइन याच्या मानाने फारच लवकर भार घेतं.

कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज बनतो. बाकीची बरीचशी उष्णता थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून हवेत जाते आणि तिच्याबरोबर पाणीही. पावसाने ओढ दिली, की शेतकऱ्याइतकीच केंद्राचीही नजर नदीवर असते.

आणि राख. आपल्या देशी कोळशात ती तीसचाळीस टक्के असते. जड राख भट्टीच्या तळाशी पडते. उडणारी, जी यातली बहुतेक असते, ती धुराबरोबर चिमणीकडे निघते. वाटेत विजेचा भार दिलेल्या पत्र्यांवर ती ओढून घेतात. सिमेंटात आणि विटांत तिचा चांगला उपयोग होतो. सगळी राख वापरलीच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने 2021 च्या अखेरीस केला. तो कागदावर राहता कामा नये, कारण उजेड सगळ्या राज्यात वाटला जातो आणि राखेचे बंधारे शेजारच्या गावांच्याच वाट्याला येतात.

आता दिवसाची वीज बदलते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि शेतीला दिवसा सौर वीज मिळू लागली. ज्यांनी हरभऱ्याला मध्यरात्री पाणी दिलं आहे, त्यांच्यासाठी हे फार मोठं सुख आहे. पण सूर्य मावळतो आणि घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा मागणी सावरायला कोळशाचेच संच लागतात. एका भाराने महिनोन्‌महिने चालावेत म्हणून बांधलेल्या संचांना आता दुपारी खाली उतरायचं आणि संध्याकाळी वर चढायचं असतं. जाड धातू तापतो, निवतो, पुन्हा तापतो. बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो. एक नळी फुटली, तरी संच बंद करून तो निवेपर्यंत थांबावं लागतं, मग आत शिरून ती जोडायची. नियंत्रण कक्षात आणि बॉयलरच्या मजल्यांवर काम करणाऱ्यांची खरी परीक्षा आज या चढउतारात आहे.